पेन्सिलीने लिहिलेले चेहरे

दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे. लहान मुलं त्यांना ‘हलूनका काका’ म्हणायची आणि मोठी माणसं पाठीमागे नुसतं ‘हलूनका’. एकतीस वर्षं कॅमेऱ्यामागे उभं राहून ते दिवसातून तीस-चाळीस वेळा हे दोन शब्द म्हणत आले होते, तेव्हा ते चिकटायचेच. एकदा कुणीतरी पत्रावर पत्ता म्हणून ‘हलूनका, बसस्थानकामागे’ एवढंच लिहिलं होतं. पोस्टमनने ते बिनचूक आणून दिलं.

त्यांचा धंदा ओळखपत्राच्या फोटोंचा. समारंभाचे फोटो ते काढत नसत, गर्दीत त्यांचा जीव गुदमरायचा. पासपोर्ट, गाडीचा परवाना, परीक्षेचा अर्ज, नोकरीचं कार्ड, बस एवढंच. अशा फोटोत दोन्ही कान दिसावे लागतात, हनुवटी सरळ लागते, तोंड मिटलेलं लागतं. गिऱ्हाईक जरा हसलं की हलूनका कॅमेऱ्यावरून डोकं वर काढून म्हणत, “हसलात तर अर्ज परत येईल.” मग तो माणूस ओल्या फडक्याने फळा पुसावा तसा चेहरा पुसून टाकायचा. हलूनका म्हणत, “हां. आता हलू नका.” आणि दिवा लखकन चमकायचा.

आतली खोली दहा बाय बाराची. पांढरा पडदा, फिरवून उंच करता येणारं स्टूल, छत्री लावलेले दोन दिवे. भिंतीवरच्या आरशाला कंगवा दोरीने बांधलेला होता, कारण आधीचे सात कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून निघून गेले होते. बाहेर काउंटरवर बायको बसायची. पावती लिहिणं, फोटो कापणं, पाकिटात घालणं आणि लोकांशी बोलणं ही तिची खाती. हलूनकांच्या तोंडाला बाराही महिने कुलूप. गिऱ्हाईक निघून गेल्यावर त्याच्या कानांची ठेवण ते महिनाभर सांगू शकले असते, पण तो कशासाठी आला होता हे विचाराल तर त्यांना ठाऊक नसायचं.

एका मंगळवारी दुपारी पस्तिशीच्या एक बाई दुकानात आल्या. खांद्यावर जड पिशवी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला. हलूनकांनी सवयीने स्टुलाकडे बोट दाखवलं.

“मला फोटो काढायचा नाही, काका,” बाई म्हणाल्या. “मला चेहरे हवे आहेत.”

बायकोने कात्री खाली ठेवली.

बाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होत्या. त्यांनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढून काउंटरवर उघडला. आत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले जुने फोटो होते. माणसं कुठल्याशा लांबच्या देशातली आणि केव्हाच्या काळातली, कडक कॉलरची, तेल लावून केस चापून बसवलेली. एक डोळे वटारत होता, एक तोंड वाकडं करत होता.

“आमच्या प्रयोगशाळेतला संच आहे हा,” बाई म्हणाल्या. “माझे सर विद्यार्थी होते तेव्हापासूनचा. प्रयोग सोपा आहे. एकाने फोटो दाखवायचा, दुसऱ्याने भावना ओळखायची. आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. अशा सहा.”

“मग अडलंय कुठे?” बायकोने विचारलं.

“मुलं चेहरा बघतच नाहीत हो. चहाचा डाग पडलाय तो राग, कोपरा दुमडलाय ती भीती. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगून ठेवतात. गेल्या वर्षी एकीने फोटो उलटे धरून सगळ्या भावना बरोबर ओळखल्या.”

नवे फोटो शोधायचा बाईंनी खूप प्रयत्न केला होता. इंटरनेटवर ढिगाने सापडत, पण चांगले संच परवानगीशिवाय वापरता येत नव्हते. त्यांनी चार ठिकाणी लिहिलं. दोघांनी उत्तरच दिलं नाही, एकाने फी कळवली, एकाने कळवलं की आमचे फोटो फक्त संशोधनासाठी आहेत, वर्गात वाटायला नाहीत. उरले ते जाहिरातीतले चेहरे. “त्यात दुःखी बाईचीसुद्धा लिपस्टिक फिसकटलेली नसते,” त्या म्हणाल्या. त्यांना रस्त्यात भेटतील अशा माणसांचे फोटो हवे होते, त्या माणसांच्या लेखी संमतीने. प्रात्यक्षिक परीक्षेला आठ आठवडे होते.

“तुम्ही चुकीच्या माणसाकडे आलात,” हलूनका म्हणाले. “माझ्याकडच्या चेहऱ्यांवर काही नसतं. काही नसावं म्हणूनच लोक इथे येतात.”

एरवी एवढं बोलून ते आत निघून गेले असते. पण त्यांनी डब्यातला एक फोटो हातात घेतला होता आणि तो काही खाली ठेवत नव्हते. रागाचा फोटो होता तो.

“याचा डावा कान झाकलाय,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “हा खरंच रागावलाय, की कुणीतरी रागाव म्हणाल्यावर रागावलाय?”

बाईंनी चष्मा वर सरकवला. “काका, हा प्रश्न एकातरी विद्यार्थ्याने विचारावा म्हणून मी सात वर्षं वाट बघतेय.”

हलूनकांनी काम घेतलं. रविवारी सकाळी त्यांनी गल्लीतल्या ओळखीच्यांना बोलावलं. शेजारचा न्हावी आला, समोरच्या इस्त्रीवाल्या मावशी आल्या, कोपऱ्यावरचा कुलूपवाला आला. एकेकाला स्टुलावर बसवून हलूनका सांगू लागले, “रागवा.” न्हाव्याने दात खाल्ले, नाकपुड्या फुगवल्या, डोळे तर असे काढले की खोबणीतून निसटून पडतील असं वाटलं. मावशींना “दुःखी व्हा” म्हटलं तर त्या म्हणाल्या, “अहो, आज कशाला? आज तर वीज पण गेलेली नाही.” आणि त्यांना हसू आवरेना. तरी दुपारपर्यंत चोवीस फोटो झाले.

बाईंनी ते वर्गात दाखवून पाहिले. बासष्ट मुलांनी सगळेच्या सगळे बरोबर ओळखले. हलूनकांची कळी खुलली. बाईंचा चेहरा मात्र पडला होता.

“काका, हे तान्ह्या बाळालाही ओळखता येतील. असा चेहरा तुम्ही घरात कधी बघितलाय का? रागाने असा डोळे काढून बसलेला माणूस?”

“मी तरी नाही बघितला,” बायको काउंटरवरून म्हणाली. “ह्यांना राग आला की हे दिवे पुसत बसतात.”

“मी?” हलूनका म्हणाले.

“मग काय मी? मागच्या महिन्यात तुमच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा तुम्ही दोन्ही छत्र्या धुऊन काढल्यात.”

हलूनकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. पण ही गोष्ट त्यांना लागून राहिली. आपल्याला राग आल्याचं आपल्यालाच कळत नाही आणि काउंटरवर बसलेल्या बायकोला कळतं, हे कसं काय?

पुढच्या रविवारी त्यांनी वेगळा उपाय काढला. सोंग नको, खरंच काहीतरी वाटायला लावायचं. त्यांनी एका बरणीत दूध नासवून ठेवलं आणि कागदी पिशव्या आणल्या. बाईंनी मात्र अट घातली: कुणालाही फसवायचं नाही. काहीतरी होणार आहे हे आधी सांगायचं आणि नको म्हणेल त्याला लगेच उठू द्यायचं. त्यामुळे न्हाव्याला माहीत होतं की कधीतरी पिशवी फुटणार. ती फाटकन फुटली तेव्हा तो घाबरला नाही, दचकलाही नाही, “आली!” म्हणून हसला. कुलूपवाल्याच्या नाकाखाली बरणी धरली तर तो मख्ख बसून राहिला. “मला वासच येत नाही,” तो म्हणाला. “लहानपणापासून. तुम्ही विचारलंत कुठे?” मावशींनी नाक मुरडलं ते झकास, पण बरणीकडे बघून नव्हे, हलूनकांकडे बघून.

त्यातून कामाचे पाच-सहा फोटो निघाले. दुःखाचं काय करायचं, तिथे गाडी अडली. कुणाला मुद्दाम रडवायचं म्हणजे काय करायचं? हलूनकांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपी चढवली आणि बाईंना निरोप पाठवला की हे आपल्याच्याने होणार नाही.

त्याच आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं. त्याला आपल्या वडिलांच्या अठरा वर्षांपूर्वीच्या फोटोची प्रत हवी होती. हलूनका निगेटिव्ह टाकून देत नसत. आतल्या खोलीत छतापर्यंत लाकडी खण होते आणि खणांतून नंबर घातलेली पाकिटं ओळीने उभी. दुपारी दोन ते चार दुकान बंद असे. त्या वेळेत ते शोधायला बसले.

फिल्मच्या दिवसांत ते प्रत्येकाचे दोन फोटो घ्यायचे, एक खरा आणि एक अडीअडचणीला. पहिला दिवा चमकला की लोकांना वाटायचं, संपलं. ते सैलावायचे आणि नेमका तेव्हा दुसरा निघायचा. या दुसऱ्या फोटोंकडे हलूनकांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पहिला चांगला आला की दुसरा वाया गेलेला. त्या दुपारी एका बाईची पट्टी चुकून हाताला लागली. खालून दिवा असलेल्या काचेवर त्यांनी ती ठेवली, भिंग डोळ्याला लावलं. पहिल्या चौकटीत चेहरा कोरा. दुसऱ्या चौकटीतही तोंड मिटलेलंच होतं, पण तिथे काहीतरी होतं. ओठ आत ओढलेले, नजर खाली आणि किंचित डावीकडे. हलूनका बराच वेळ बघत राहिले. निगेटिव्हमधला काळ्याचा पांढरा चेहरा ते सरळ चेहऱ्यासारखाच वाचू शकत. वाचता येत नव्हतं ते निराळंच.

“दुःख असेल,” ते स्वतःशीच म्हणाले आणि पट्टी परत ठेवायला पाकीट उचललं. पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘कानकोंडी. भाऊ सोबत, सगळं तोच बोलतो.’

अक्षर बायकोचं. त्यांनी हाक मारली. ती ओले हात पुसत आली.

“हे काय आहे?”

“अहो, एकाच आडनावाची चार-चार माणसं यायची दिवसाला. कुणाचं पाकीट कुणाला जाऊ नये म्हणून मी खूण लिहून ठेवायची. इतक्या वर्षांत वाचलं नाहीत?”

त्यांनी नंबर सोडून काहीच वाचलं नव्हतं. त्यांनी शेजारचं पाकीट ओढलं. ‘हिरमुसला. मिशी काढायला लावली.’ मग दुसरं. ‘उतावीळ, तीनदा घड्याळ बघितलं.’ मग तिसरं. ‘ओशाळा. केस स्वतःच कापलेत.’ ‘धास्तावलेली, पहिलाच फोटो.’ ‘आतून खूश आहे, दाखवत नाही.’ एकावर नुसतं ‘विचारू नये’ एवढंच होतं.

“तुला हे सगळं दिसायचं?”

“समोर येऊन उभे राहायचे, न दिसायला काय झालं? तुम्ही आत त्यांचा चेहरा पुसून पाठवायचात. बाहेर काउंटरपाशी येईपर्यंत तो परत उमटायचा.”

ज्याच्यासाठी बसले होते ते पाकीट त्या दिवशी सापडलंच नाही. सापडलं दुसऱ्या दिवशी. पण हलूनकांनी त्याच संध्याकाळी बाईंना फोन केला आणि फोनवर आयुष्यात बोलले नसतील इतकं बोलले.

मग तीन आठवडे रोज दुपारी दोघं खण उपसत बसले. ती पाकिटावरचं वाचायची, ते पट्टी काचेवर धरायचे. दहातल्या नवांत काही नसायचं, डोळे मिटलेले असायचे किंवा मान हललेली. दहाव्यात काहीतरी निघायचं. गुरुवारी बाई यायच्या आणि निवडलेले फोटो सहा ढिगांत लावायला बसायच्या. तिथे खरी मजा सुरू झाली.

“ही कानकोंडी कुठे घालू?” बाई म्हणाल्या. “दुःखात की भीतीत?”

“कशातच नाही,” बायको म्हणाली. “कानकोंडं होणं म्हणजे कानकोंडं होणं.”

“बरं, हा हिरमुसलेला. हा तरी दुःखात?”

“छे! हिरमुसलेल्याला आत्ता खाऊ दिला तर हसेल. दुःखी माणूस हसतो होय खाऊने?”

“आणि रुसलेली? ही रागात जाईल ना?”

बायकोने थोडा विचार केला. “राग कुणावरही येतो, मॅडम. रुसायला आपलं माणूस लागतं.”

बाईंनी पिशवीतून वही काढली आणि हे लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “पुस्तकात सहाच आहेत.”

“पुस्तक लिहिणाऱ्याला म्हणावं, एक दिवस माझ्या काउंटरवर बस.”

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. ढीग मात्र सहाचे अकरा झाले.

सत्तेचाळीस फोटो निवडले. आता संमतीचं काम. पावत्यांवर पत्ते होते. लोकांना दुकानात बोलावण्याऐवजी आपणच जावं असं हलूनकांनी ठरवलं, तेव्हा बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. एकतीस वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाच्या घरची पायरी चढली नव्हती. बरेच जण घर सोडून गेले होते, काही गावच सोडून. जे सापडले त्यांच्या दारात हा माणूस फोटो हातात धरून उभा राहायचा आणि विचारायचा, “तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं, आठवतंय का?”

कोर्टातले एक निवृत्त टंकलेखक होते. त्यांच्या फोटोला बाईंनी, बायकोने आणि न्हाव्यानेही राग ठरवलं होतं. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला. “राग कसला? दाढ ठणकत होती. दुसऱ्या दिवशी उपटली.” संमतीच्या कागदावर सही केली आणि ‘तेव्हाची भावना’ असं विचारलं होतं तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं: दाढ.

‘धास्तावलेली, पहिलाच फोटो’ ही मुलगी आता बसमध्ये कंडक्टर होती. ती फोटो बघून हसायलाच लागली. “धास्ती? अहो काका, मला शिंक येत होती! आणि तुम्ही हलू नका म्हणालात! मी जीव मुठीत धरून बसले होते.” हलूनका घरी आले ते जवळजवळ पळतच.

“तुझी एक चुकली,” त्यांनी बायकोला सांगितलं.

तिने दोन दिवस ते मान्य केलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “शिंकेचीच धास्ती असेल.” मग पाकिटावर स्वतःच्या हाताने दुरुस्ती केली.

असे ते एक दिवस पूल बांधणाऱ्या खात्यातल्या एका म्हाताऱ्या मुकादमाकडे पोचले. फोटो मुकादमाच्या बायकोचा होता, बारा वर्षांपूर्वीचा. पाकिटावर लिहिलं होतं: ‘त्रासलेली. नवरा दारात.’ ती वारल्याचं हलूनकांना दारातच कळलं. ते परत फिरणार होते, पण मुकादम म्हणाले, “आलात तसे बसा. दाखवा तर खरं.”

दोन खोल्यांचं घर, सगळं जागच्या जागी. भिंतीवर बायकोचा मोठा फोटो होता, हसरा, कुणीतरी मागची जागा पुसून आकाश घातलेला. मुकादमांनी हलूनकांच्या हातातला छोटा फोटो घेतला आणि खिडकीपाशी नेला. बाईच्या कपाळाला आठ्या होत्या, एक भुवई वर आणि ओठ काहीतरी बोलायच्या बेतात.

मुकादम बराच वेळ पाठमोरे उभे होते. वळले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि ते हसतही होते. हलूनकांच्या मनात आलं, हा चेहरा कुठल्या ढिगात घालणार?

“हीच ती,” मुकादम म्हणाले. “भिंतीवरची आहे ना, तिला मी ओळखत नाही. ती फोटोसाठी हसलीय. मला रोज सकाळी हे तोंड दिसायचं.”

“रागावल्या होत्या?” हलूनकांनी विचारलं.

“राग नाही हो. मी तुमच्या दारात उभा राहून ‘चल लवकर, चल लवकर’ लावलं होतं. बस चुकत होती. हे म्हणजे…” त्यांना शब्द सापडेना. मग सापडला. “हे म्हणजे ‘आले हो, आले!’ आहे.”

फोटो वर्गात वापरायला त्यांनी परवानगी दिली नाही. “वर्गातली मुलं म्हणतील, बाई रागीट आहे. त्यांचं चुकणार नाही. पण मला ते नको,” ते म्हणाले. हलूनकांनी मान डोलावली आणि फोटो त्यांच्याकडेच ठेवला. चार दिवसांनी तोच मोठा करून, आकाश वगैरे न घालता, नेऊन दिला.

त्या दिवसापासून त्यांचा प्रश्न बदलला. काय वाटत होतं, हे विचारलं की लोक अडखळायचे. “तेव्हा तुमच्यासोबत कोण होतं? दुकानातून निघून कुठे जायचं होतं?” असं विचारलं की भडाभडा बोलायचे. हलूनका ते जसंच्या तसं लिहून घ्यायचे. बाईंनी वाचलं आणि ठरवलं की प्रत्येक फोटोच्या मागे हेच चिकटवायचं. विद्यार्थ्यांनी आधी चेहरा बघून लिहायचं, मग फोटो उलटून वाचायचं, मग दोन्हींत अंतर का पडलं ते मांडायचं.

शेवटी एकोणतीस फोटो जमले. परीक्षेच्या आधी बाईंनी वर्गात प्रयोग लावला आणि दोघांना बघायला बोलावलं. दुकान बंद ठेवून ती दोघं कॉलेजचे तीन जिने चढली. लांबट खोलीत टेबलांची रांग होती. प्रत्येक टेबलावर मधोमध लाकडी आडोसा, एका बाजूला फोटो दाखवणारा आणि दुसऱ्या बाजूला ओळखणारा. दोघं मागच्या बाकावर अंग चोरून बसली.

कंडक्टरच्या फोटोने वर्गात फूट पाडली. भीती म्हणणारे सव्वीस, आश्चर्य म्हणणारे एकोणीस, किळस म्हणणारे नऊ, बाकीच्यांनी जागा कोरी सोडली. फोटो उलटल्यावर हास्याचा स्फोट झाला. तो ओसरल्यावर मागच्या बाकावरून बायकोने विचारलं, “पण मॅडम, शिंक आणि भीती दिसायला सारखी का असतात?”

सगळ्या माना मागे वळल्या. बाईंनी खडू उचलला. “मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “शोधायला हवं.” आणि तो प्रश्न त्यांनी फळ्यावर लिहिला.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक मात्र वैतागले. संचाला छापील उत्तरसूची नव्हती.

“मग गुण कसे द्यायचे?” त्यांनी विचारलं.

“सर, आधी तुम्ही स्वतः करून बघता का?” बाई म्हणाल्या.

परीक्षक बसले. एकोणतिसातले अकरा त्यांचे फोटोमागच्या मजकुराशी जुळले. त्यांनी सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून लावले. केस स्वतः कापून आलेल्या ओशाळ्या माणसाशी ते थांबले.

“हा तर सहात बसतच नाही.”

“नाही बसत, सर.”

“हं,” परीक्षक म्हणाले आणि गुण विद्यार्थ्यांनी काढलेल्या निष्कर्षाला द्यायचं त्यांनी कबूल केलं. जाताना आपल्या कॉलेजासाठी संच मागितला. बाईंनी लगेच दिला नाही. लोकांनी संमती एका वर्गापुरती दिली होती. हलूनका पुन्हा एकोणतीस दारं हिंडून आले. तिघं नको म्हणाले, त्यांचे फोटो काढून ठेवले आणि सव्वीसांचा संच गेला.

तोपर्यंत हलूनकांना नादच लागला होता. फोटो झाल्यावर ते गिऱ्हाइकाला उठू देईनात. “आता इथून कुठे?” विचारायचे. बाहेर रांग लागायची आणि बायको आत डोकावून म्हणायची, “अहो, त्यांना सोडा, बाकीचे ताटकळलेत.” लिहायचं काम तिच्याकडेच राहिलं, फक्त आता ती लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायची आणि दोघांचं जुळलं नाही की जेवताना वाद.

एका गुरुवारी त्यांनी बाईंना विचारलं, “मॅडम, आपण हसायला शिकतो ते दुसऱ्याचं बघून ना? मग ज्याने जन्मापासून कुणाचा चेहराच बघितला नाही, तो कसा हसतो?”

“आपल्यासारखाच हसतो, असं वाचलंय मी,” बाई म्हणाल्या. “पण स्वतः नीट बघितलेलं नाही. आमच्या कॉलेजच्या टेलिफोनवर बसणाऱ्या बाई जन्मांध आहेत. विचारू त्यांना?”

टेलिफोनवाल्या बाईंनी आधी चार प्रश्न केले. फोटो कोण बघणार, किती दिवस ठेवणार, नको वाटलं तर फाडणार ना. मग हो म्हणाल्या आणि बुधवारी दुपारी दोन वाजता, दुकान बंद असायच्या वेळी, काठी टेकत आल्या. खोलीत शिरताच म्हणाल्या, “इथे पडदा आहे ना? आवाज घुमत नाहीये.” हलूनकांनी स्टूल त्यांच्या उंचीला आणलं. कॅमेऱ्याला हात लावलाच नाही, समोर खुर्ची ओढून बसले. बायको दाराच्या चौकटीत उभी राहिली.

“काका,” टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या, “फोटो मला काही दिसणार नाही. तुम्ही सांगाल का, माझा चेहरा आत्ता कसा आहे?”

हलूनका पुढे झुकले. त्यांनी कान पाहिले नाहीत, हनुवटीही नाही.

“आत्ता तुम्ही गालातल्या गालात हसताय,” ते म्हणाले.

“म्हणजे कसं?”

“ओठ मिटलेलेच आहेत. पण डावीकडे खळी पडलीय.”

“आणि जरा अधीर झाल्यात,” बायको दारातून म्हणाली. “भुवया वर गेल्यात.”

टेलिफोनवाल्या बाईंनी आधी भुवयांवरून बोटं फिरवली. मग एक बोट गालावर ठेवलं. “इथे?”

“जरा खाली,” हलूनका म्हणाले. “हां. तिथेच.”